नववी ब मधला पत्त्यांचा डाव

हेडसरांनी पत्त्यांचा कॅट टेबलावर आपटला. दोन पत्ते उडून माझ्या पायाशी पडले.

"मॅडम, हे काय आहे?"

"पत्ते आहेत, सर."

"ते मलाही दिसतंय. शाळेत काय करतायत?"

"वजाबाकी शिकवतायत. माझ्यापेक्षा बरं शिकवतायत."

ते एकदम लालबुंद झाले. शेवटच्या तासाला राउंडला निघाले आणि बघतात तर प्रयोगशाळेत चार पोरं गोल करून बसलेली, सगळ्यांच्या हातात पत्ते, आणि मधे मी. माझ्याही हातात पत्ते. मी हरत होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही, तेवढं बरं झालं.

मी बिराजदार. माहेर वळसंगचं. सात रस्ता चौकाजवळच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. घरी कन्नड, वर्गात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. त्या वर्षी मी चिडलेच होते, आणि त्याचं कारण होतं सतरा नंबर.

हा सतरा नंबर काय ते सांगते. दहावीला शाळेत न जाता बाहेरून बसायचं असेल तर जो फॉर्म भरतात, तो सतरा नंबरचा. नोकरी करणाऱ्यांची, शिक्षण सुटलेल्यांची त्यानं चांगली सोय होते. पण काही शाळांनी त्याचा वेगळाच उपयोग शोधून काढलाय. नववीत कच्चं पोर दिसलं की पालकांना बोलवायचं, गोड बोलायचं, दाखला हातात द्यायचा आणि म्हणायचं, सतरा नंबरनं करा निवांत. पोर नापास झालं तरी शाळेच्या खात्यावर लागत नाही. जूनमध्ये गेटवर फ्लेक्स लावायला आपण मोकळे: शंभर टक्के निकाल. त्यातल्या बऱ्याच पोरींनी पुन्हा वहीला हातसुद्धा लावलेला नाही, हे मी स्वतः बघितलंय. लग्न तरी, नाहीतर कारखान्यातलं शिलाई मशीन तरी.

नववी ब मधल्या चौघांचा नंबर लागणार हे सहामाहीच्या निकालानंतरच ठरलं होतं. मी हेडसरांना म्हटलं, "मला वार्षिक परीक्षेपर्यंत वेळ द्या." ते म्हणाले, "वेळ घ्या की, पण त्यांच्या डोक्यात गणित शिरणार नाही हे तुम्हालाही माहितीय." मला काही माहिती नव्हतं. म्हणून ऑफ तासाला चौघांना घेऊन बसायला लागले.

पहिल्याच दिवशी विचारलं, "पाच वजा आठ किती?"

"तीन," आकाश म्हणाला. उंचापुरा, ओठावर मिसरूड फुटलेला पोरगा.

"अधिक तीन का वजा तीन?"

"कायतरी एक लावा की, मॅडम."

सगळा घोळ तिथंच होता. ही पोरं बीजगणितात अडकलीच नव्हती, त्यांचं गाडं वजा चिन्हापाशीच रुतलं होतं. शून्याच्या खालच्या संख्या त्यांच्या लेखी नव्हत्याच. सातवीत त्या घाईघाईनं उरकलेल्या असतात, त्यावर आठवी-नववीची इमारत चढवलेली असते, आणि इमारत डुगडुगली की दोष पोराचा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग मी साधनं शोधायला लागले. मोबाइलवर, यूट्यूबवर, कुठं कुठं. 'हसत खेळत गणित' म्हणून जे काही सापडलं त्यात सगळीकडं ससे आणि गाजरं. एका ॲपमध्ये उत्तर बरोबर आलं की हत्ती नाचायचा. ते आकाशला दाखवलं. तो बराच वेळ हत्तीकडं बघत बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी बालवाडीत हाय का?" बाकीची पोरं हसली, पण त्याला खरंच अपमान वाटला होता. चौदा वर्षांच्या पोराला गणित येत नाही म्हणून तो चार वर्षांचा होत नाही. हे साधन बनवणाऱ्यांना कुणी सांगायचं?

शाळेत एक गणितपेटी आहे. ती कपाटात असते आणि कपाटाची किल्ली हेडसरांकडं. मी मागितली तर म्हणाले, "तपासणी होऊ दे. त्यातलं काही हरवलं तर?" पेटीचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मागच्या बाकावर झब्बू खेळणाऱ्यांकडून मी एक कॅट जप्त केला. स्टाफरूममध्ये चहा येईपर्यंत पिसत बसले होते. काळा, लाल, काळा, लाल. आणि एकदम डोक्यात आलं, अगं बाई, हे तर अधिक आणि वजा!

काळा पत्ता अधिक, लाल पत्ता वजा. एवढाच नियम. हातात काळी पंजी आणि लाल तिरी असली तर तुमच्याकडं दोन. काळी चौकी आणि लाल सत्ती असली तर वजा तीन. प्रत्येकाला चार पत्ते, ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. दर फेरीला एक पत्ता फेकायची मुभा, पण फेकायच्या आधी बेरीज किती होईल ते सांगायचं.

अर्थातच सगळे लाल पत्ते फेकायला लागले. आणि तिसऱ्या दिवशी भाग्या ओरडली. भाग्या म्हणजे चौघांतली एकटीच मुलगी, कुंभारीहून यायची, घरी तेलुगू बोलायची, वर्गात फारशी बोलायचीच नाही.

"मॅडम, वजा चार काडून टाकला की चारनं वाढलालंय की!"

"का वाढतंय?"

"नको असलेलं गेलं की वाढणारच की."

वजा वजा अधिक. पुस्तकात एका ओळीचा नियम आहे, पोरं पाठ करतात आणि परीक्षेत उलटा लावतात. हिनं तो हातातून काढून दाखवला. मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीत धपाटाच घातला. असं सगळं छान चाललेलं असताना हेडसर राउंडला आले.

"हे आजच्या आज बंद," ते म्हणाले. "पालकांना कळलं तर? पेपरात आलं तर?"

"लेखी द्या, सर. पत्ते वापरू नयेत असं लिहून द्या. त्याबरोबर गणितपेटीची किल्ली पण द्या."

त्यांनी दोन्हींतलं काहीच दिलं नाही. "त्या चौघांचं मी बघतो," एवढंच म्हणाले. मी खाली पडलेले पत्ते उचलले, कॅट पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या दिवशी परत डाव मांडला.

पण त्यांनी बघितलंच. मी मतदारयादीच्या कामाला गेले होते त्या दिवशी आकाशच्या वडिलांना बोलावून घेतलं. भला माणूस, साहेब म्हणाले म्हणून सही करून गेला. मी आले तेव्हा आकाशची जागा रिकामी. मी ऑफिसात जाऊन जे बोलले ते इथं छापता येणार नाही, निम्मं कन्नडमध्ये होतं.

दोन दिवसांनी शिपाई मला बोलवायला आला. केबिनमध्ये भाग्या उभी होती आणि तिची आई खुर्चीच्या टोकावर बसली होती. टेबलावर दाखल्याचा अर्ज लिहून तयार होता, फक्त सहीची जागा कोरी.

"ताई, तुम्हीच विचारा यांना," हेडसर म्हणाले. "मॅडम तुमच्या मुलीला शाळेत पत्ते शिकवतात."

भाग्याची आई ताडकन उठली. "खरं हाय का, मॅडम?"

"खरं आहे."

"तुमाला म्हायत न्हाय, मॅडम. आमच्या घरी दोन माग होते. माज्या सासऱ्यानं पत्त्यावर घालवले. आमी मालक होतो की, मॅडम! आता युनिफॉर्मच्या कारखान्यात दुसऱ्याच्या शर्टाला बटनं लावते मी. आन् तुमी माज्या पोरीच्या हातात तेच दिलाव?"

हेडसरांशी मी वर्षभर भांडले असते. या बाईशी कशावरून भांडणार? तिचं काहीच चूक नव्हतं.

"तुम्हाला आधी विचारायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

हेडसरांनी पेन पुढं सरकवलं. "मग करून टाका सही. गणिताची कटकटच नको."

तेवढ्यात भाग्या बोलायला लागली. तेलुगूत, भराभर, हातवारे करत. मला त्यातलं 'मायनस' तेवढं कळलं. आईनं चारदा तिला थांबवलं, ती चारही वेळा परत बोलायला लागली. शेवटी आई माझ्याकडं वळली.

"हिला गणित आलं का खरंच?"

"सगळं नाही आलं. एवढं आलं. पण हे आल्याशिवाय पुढचं येत नाही. अजून थोडी मेहनत घेतली तर पास होईल, असं मला वाटतं."

बाईनं पेन उचललं आणि हेडसरांसमोर ठेवलं.

"सर, पत्ते नकोत. सही पण नकोच."

"अहो ताई, मुलीला गणित येत नाही..."

"येत न्हाय म्हणूनच शाळेत पाठवलालोय की! येत असतं तर कशाला पाठवली असती?"

हेडसरांनी पेनला टोपण लावलं आणि अर्ज बाजूला सारला.

पत्ते मी त्याच दिवशी बंद केले. हेडसरांच्या हुकमानं नाही, त्या बाईच्या शब्दाखातर. दुसऱ्या दिवशी भाग्या पिशवीभर बटणं घेऊन आली. कारखान्यातली टाकाऊ, पांढरी आणि लाल. आईनं मागून आणली होती. पांढरं अधिक एक, लाल वजा एक. एक पांढरं आणि एक लाल जोडीनं ठेवलं की शून्य. पत्त्यांनी जे अडत होतं ते यानं सुटलं. हातात लाल पत्ताच नसला तर काढायचा कुठून, असं पोरं विचारायची. आता लाल बटण नसलं तर एक पांढऱ्या-लालची जोडी आत टाकायची, शून्यच तर आहे ते, आणि त्यातलं लाल उचलायचं. तिघं त्या बटणांवर अक्षरशः तुटून पडली. बटणांवरून चिन्हांवर आली, चिन्हांवरून समीकरणांवर. पळाली नाहीत, रांगत रांगत आली. पण आली.

तिघंही नववी पास झाली आणि पुढच्या वर्षी दहावीसुद्धा. भाग्याला गणितात काठावरचे मार्क आहेत, पण ते तिचे आहेत. निकाल शंभर टक्के लागला. हेडसर खूश झाले आणि फ्लेक्सवर बाकीच्या शिक्षकांबरोबर माझाही फोटो टाकायला निघाले.

"माझा फोटो काढून टाका, सर."

"का? गणिताचा निकाल तुमचाच आहे!"

"आकाशचं नाव घालणार असाल तर ठेवा."

"तो आपला विद्यार्थी नाही, मॅडम."

"म्हणूनच म्हणते, काढा."

फ्लेक्स माझ्या फोटोशिवाय लागला. जूनमध्ये मला दहावीवरून काढून पाचवीला टाकलं. बटणांची पिशवी मी बरोबर नेली. पाचवीतच पाया पक्का केला तर नववीत कुणाला काढायची वेळ येणार नाही, हे हेडसरांच्या ध्यानात आलं नसावं.

मागच्या महिन्यात आकाश मला एका गोदामाबाहेर दिसला. टेम्पोत गठ्ठे चढवत होता. मला बघून हात पुसत आला, वाकून नमस्कार केला.

"सतरा नंबरचा फॉर्म भरलास का रे?"

"भरायचाय की, मॅडम."

"चल, आत्ता भरू. मी शिकवते. माझ्या घरी ये."

"येतो की," म्हणाला, आणि आतून हाक आली म्हणून पळाला. आलेला नाही. मी दोनदा परत जाऊन आले, अजून जाईन.

गणितासाठी मजेशीर साधनं कुठली, असं मला बरेच शिक्षक विचारतात. पत्ते घ्या, बटणं घ्या, चिंचोके घ्या, काहीही चालतं. फक्त आधी पोर वर्गात राहील एवढं बघा. दाखला देऊन घालवलेल्या पोराला कुठलंच साधन लागू पडत नाही.