सकाळचा आकडा

आमच्या ह्यांना उभ्या जन्मात कुणी नापास केलं नाही आणि त्याचा त्यांना भारी तोरा. शाळेत नाही, फाउंड्रीत नाही. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी चार प्रश्न विचारले, ह्यांनी धडाधड उत्तरं दिली. त्यातली निम्मी थापा होत्या, हे मला लग्नानंतर कळलं. विचारलं तर म्हणे, "पास झालो ना? मग झालं तर!"

फाउंड्रीत हे वाळूचे साचे करायचे. लोखंड ओतून गार झालं की साचा फोडायचा, मग ती बारीक वाळू सगळीकडे. घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्याफटक. "आलं गिरणीतून पीठ," मी दारातच म्हणायची. हसायचे, हसताहसता खोकायचे. तेव्हा खोकल्याकडे कोण बघतंय!

अधूनमधून धूळ मोजायला इन्स्पेक्टर यायचा. तो येणार हे आदल्या दिवशीच सगळ्यांना ठाऊक. मग सगळ्यात जास्त धूळ उडवणारं मशीन बंद, तोंडाला कोरे मास्क आणि जमिनीवर पाणीच पाणी. पाणी मारायचं काम ह्यांचं. "अशी भिजवली की साहेब घसरताघसरता वाचला," हे वर फुशारकीने सांगणार. मी एकदा चिडून विचारलं, "अहो, धूळ तुमच्याच नाकात जाते ना? मग लपवता कुणासाठी?" तर म्हणाले, "तुला नाही कळायचं. तिथे पास व्हावं लागतं." कपाळ माझं!

नोकरी संपली तेव्हा फुप्फुसंही संपत आली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून दाखवला. मला फोटोतलं काही कळलं नाही, डॉक्टरांचा चेहरा तेवढा कळला. बरं होणार नाही, सांभाळायचं, एवढंच म्हणाले. आणि हॉस्पिटलने एक बॅग दिली. तिच्यात बोटाला लावायचा चिमटा आणि पाटीएवढा टॅब. रोज सकाळी चिमट्यात बोट घालायचं, रक्तात ऑक्सिजन किती आहे त्याचा आकडा येतो, तो टॅबवरून पाठवायचा. सोबत चार प्रश्न, हो की नाही. आकडा नव्वदच्या वर असला की हिरवा, खाली पिवळा आणि फारच घसरला तर लाल. तिकडे एक नर्स बसून हे बघायची आणि आठवड्यातून एकदा फोन करायची. आम्ही तिला फोनवालीच म्हणायचो. पोरगी गोड होती बोलायला.

तशीच बॅग ह्यांच्या जोडीदाराकडे होती. फाउंड्रीत त्याला भोंगा म्हणायचे, आवाजच तसा होता मेल्याचा. एके दिवशी त्याचा आकडा लाल आला, हॉस्पिटलची गाडी आली, उचलून नेलं. वॉर्डात भेटायची वेळ ठरलेली, बाकी वेळ बायको बाहेर बाकावर. तो गेला तेव्हाही ती बाकावरच होती. आत नळ्या, अनोळखी माणसं आणि भोंग्याचा आवाज बंद. ह्यांनी ऐकलं आणि पाचावर धारण बसली. माझा हात धरून म्हणाले, "मला काही होऊ दे, इथून हलवायचं नाही. ह्याच खोलीत. आणि तू समोर पाहिजेस."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आणि तिथून ह्यांची परीक्षेची तयारी सुरू झाली. सकाळी उठले की मला खूण करायची, बोलू नकोस. बोललं की दम लागतो, दम लागला की आकडा पडतो. संडासलाही जायचं नाही, आधी आकडा. मी कोमट पाणी आणायचं, त्यात हात बुडवून बसायचे, कारण गार बोटाला चिमटा कमी दाखवतो. मग ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत राहायचे. चिमट्यावर चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, पुन्हा चौऱ्याऐंशी. मध्येच कधीतरी क्षणभर एक्क्याण्णव चमकला की झडप घालून पाठवून द्यायचे. चहा तोवर दोनदा गार झालेला. प्रश्न यायचा, आज दम जास्त आहे का? नाही. चालणं झालं का? हो. पलंगापासून मोरीपर्यंत जाऊन यायचे आणि आल्यावर भिंतीला टेकून डोळे पांढरे करायचे, त्याला म्हणे चालणं.

चिडचिड व्हायची हो माझी. ज्या माणसाने आयुष्यभर माझं डोकं खाल्लं, तो सकाळभर माझ्याशी चकार शब्द बोलेना. कशासाठी, तर आकड्यासाठी! दुपारी बोलायला जावं तर अंगात त्राण नसायचं. म्हणजे मी नवरा घरात ठेवून एकटीच.

एकदा मी फोन हिसकावून घेतला आणि फोनवालीला सांगितलं, "बाई गं, ह्यांच्या आकड्यांवर जाऊ नकोस. ओठ निळे पडतात ह्यांचे." तर हे पलंगावरून मोठ्याने हसले, "काळजीखोर आहे हो ती, पहिल्यापासून!" इतकं खणखणीत हसले की फोनवालीही हसली. "काकू, आकडे छान आहेत काकांचे." फोन ठेवला आणि त्या एका हसण्यापायी हे किती वेळ धापा टाकत पडले होते. मी वारा घालत होते आणि शिव्याही घालत होते.

मग तिचा तो फोन आला, ह्यांनी स्पीकरवर ठेवला. "काका, अभिनंदन! तीन महिन्यांचे सगळे आकडे डॉक्टरांनी पाहिले. सगळे हिरवे. त्यामुळे घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायची गरज नाही." ह्यांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

"कसलं मशीन?" मी विचारलं.

"काकू, आकडे त्यासाठीच तर घेतो. सारखे अठ्ठ्याऐंशीच्या खाली असतील तर हॉस्पिटल घरी मशीन देतं. नाकाला नळी लावायची आणि आपल्या घरीच राहायचं. वॉर्डात यायची वेळ कमी येते. बॅग दिली त्या दिवशी सांगितलं होतं ना?"

सांगितलं असेल. त्या दिवशी ह्यांना फक्त 'लाल' ऐकू आलं होतं आणि मला डॉक्टरांचा चेहरा दिसत होता. ह्यांनी वर केलेला अंगठा हळूच खाली घेतला. मी फोनवालीला सगळं सांगितलं. कोमट पाणी, ओठांचा चंबू, सगळं. ती म्हणाली, "काका, उद्यापासून खरे आकडे पाठवा. जसा येईल तसा. थोड्या दिवसांचे खरे आकडे हातात आले की मी स्वतः डॉक्टरांपुढे ठेवते." त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मशीन कुठे ठेवायचं यावर भांडण केलं. ह्यांना खिडकीशी हवं होतं, मला पलंगाच्या उशाशी. किती दिवसांनी इतकं भांडलो आम्ही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात कोरडे, ओठ सरळ. उठल्याउठल्या चिमटा लावला. एक्क्याऐंशी. "हाच पाठवायचा?" ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हाच." मग प्रश्न आला, कालच्यापेक्षा दम जास्त आहे का? हे अडले. "काल मी नाही म्हणून पाठवलंय. मग त्या हिशोबाने आज जास्तच की." हो दाबलं. चालणं झालं का? नाही. करायचं तर पुरतं करायचं, हा स्वभावच.

टॅब लाल झाला.

आम्हाला वाटलं, फोनवालीनेच सांगितलंय तर आधी ती बघेल. आम्हाला काय माहीत, लाल आकडा तिच्याकडे जात नाही, सरळ गाडीवाल्यांकडे जातो! आणि काल एक्क्याण्णव, आज एक्क्याऐंशी म्हणजे त्यांच्या लेखी माणूस एका रात्रीत बुडाला. जिन्यात बूट वाजले. मी दारात आडवी झाले. म्हटलं, "अहो, असाच असतो ह्यांचा आकडा, रोजचाच आहे, काल खोटा होता!" त्यांतली एक तरुण मुलगी पुढे झाली. तिने आपला चिमटा लावला, त्यावर अठ्ठ्याहत्तर. घाबरून आणखी पडला होता. "आजी, असं सोडून आम्हाला जाता येत नाही," ती म्हणाली. तिचं काय चुकलं? काहीच नाही. ह्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बोलायला श्वास लागतो. आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, म्हणून खुर्चीत बसवून तीन मजले खाली नेलं. शेजाऱ्यांची दारं बोटभर उघडी.

वॉर्डातलं मी सांगत नाही. भोंग्याचं झालं तेच झालं, बाकावर मी होते एवढाच फरक. पण गाडीतलं सांगते, कारण ते मला रोज दिसतं.

गाडी निघाली आणि त्या मुलीने ह्यांच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. थोड्या वेळात ओठांचा निळेपणा गेला, गालावर रंग आला. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा त्यांचा दिसला. खांदे खाली आले. हे इकडेतिकडे बघायला लागले, नळीकडे, सिलिंडरकडे, मग माझ्याकडे.

"हेच?" मास्कच्या आतून म्हणाले. "हेच घरी देणार होते?"

"हो," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते रडायला लागले. लग्नापासून कधी रडले नव्हते माझ्यासमोर. आई गेली तेव्हासुद्धा नाही. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. ती मुलगी वर लावलेल्या आकड्यांच्या पडद्याकडे बघत होती.

"आजोबा, रडू नका," ती म्हणाली. "आकडा खाली जातोय."

आणि हे लगेच थांबले.