लॉगमधल्या आठ ओळी

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. घरात कुणी 'बाहेरचं काही' म्हटलं की मीच पहिला टिंगल करायचो. तरी हे लिहितोय, कारण ज्याला ज्याला सांगितलं तो हसला...

दुष्काळाचं वर्ष. नांदेडला शिकून मी अहमदपूरला टँकरच्या ऑफिसात कंत्राटावर लागलो होतो. पद्धत सोपी — वस्तीतलं पाणी संपलं की तिथल्या एका ठरलेल्या मोबाईलवरून मिस्ड कॉल द्यायचा. सर्व्हरवर मागे एक प्रोग्राम सतत चालू असायचा. तो नंबर ओळखून मागणी यादीत टाकायचा आणि आलेल्या प्रत्येक कॉलची ओळ लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या रोजनिशीत, लिहायचा. मग टँकर जाऊन वस्तीच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि बाया दोराने पाणी शेंदायच्या.

त्या लॉगनेच डिस्क भरत आली. मी शहाणपणा केला — सेटिंगमध्ये लेव्हल 'इन्फो'ची 'एरर' केली आणि प्रोग्राम रिस्टार्ट केला. म्हणजे बिघाड झाला तरच ओळ, एरवी काही नाही. कुणाला विचारलं नाही की सांगितलं नाही.

दहा-बारा दिवसांनी भर दुपारी महानंदाकाकू ऑफिसात आल्या. त्यांच्या वस्तीचा मिस्ड कॉल त्याच द्यायच्या. आठ दिवस टँकर नव्हता.

"मी रोज फोन लावून राहिले बाबा. टँकर कामून येत न्हाई?"

साहेबांनी यादी पाहिली. "मागणीच नाही. गरज नसेल तर वस्तीचं नाव काढून टाकू." मग माझ्याकडे वळले, "लॉग बघ रे. कॉल आला असेल तर तिथं दिसेल."

तेव्हाच बोलायला हवं होतं — साहेब, लॉग मीच बंद केलाय. पण नोकरी जाईल या भीतीने तोंड उघडलं नाही. काकूंचे फुटलेले ओठ बघून लाज वाटत होती, तरी कॉम्प्युटरकडे वळलो.

फाइल उघडली... जुन्या ओळींच्या खाली आठ नव्या ओळी. रोजची एक, काकूंचा नंबर, पुढे 'मागणी आली'. सेटिंग पाहिली, 'एरर'च होती. त्या दिवसांत दुसऱ्या एकाही वस्तीची ओळ नव्हती. साहेबांनी स्क्रीन वाचली आणि लगेच टँकर लावला.

बाहेर येऊन मी म्हणालो, "काकू, तुमचा नंबर सापडला बघा."

त्या थांबल्या. "माझा? माझा मोबाईल तर हिरीत पडला की, पाणी शेंदताना. मी शेजारणीच्या फोनवरून लावत व्हते."

"कधी पडला?"

"शेवटचा टँकर आला त्या दिवशी. गाळात हाय अजून."

शेजारणीचा नंबर आमच्याकडे नव्हताच, त्यामुळे प्रोग्रामने ते कॉल सोडून दिले असणार. एवढं कळतं. पण मग काकूंच्या नंबरवरून कॉल केला कुणी? आणि यादीत मागणी नसताना बंद लॉगमध्ये ओळी लिहिल्या कुणी? सर्व्हरचा पासवर्ड एकट्या माझ्याकडे होता. या लाइनमधल्या बऱ्याच जणांना विचारून झालं, उत्तर नाही मिळालं. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र मला पक्की माहीत आहे. त्या ओळी नसत्या, तर मी त्या दुपारी 'कॉल आलेला नाही' असंच सांगितलं असतं आणि काकू तशाच परत गेल्या असत्या. मला जास्त भीती त्याचीच वाटते.