भामाबाईचं फाटक

भामाबाई ट्रकवाल्याबरोबर पळून गेली, ही बातमी आमच्या गल्लीत रविवारी संध्याकाळी साडेसहाला आली आणि सातच्या आत दूध डेअरीपर्यंत पोचली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि पळाली म्हणे थेट राजस्थानला.

बातमी साफ खोटी होती. ती पसरवण्यात माझा हात होता, हेही आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर माझी बायको चंद्रावती सांगेल. मी फक्त एवढंच म्हणालो होतो की भामाबाईला कंटेनरच्या केबिनमध्ये चढताना मी या डोळ्यांनी पाहिलं आणि मग गाडी हलली. 'पळाली' हा शब्द चंद्रावतीचा. 'राजस्थान' हे डेअरीवाल्याने घातलं.

भामाबाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते, मी तिच्या डोक्यावर. लहानपणी उरणकडच्या मिठागरात टोपल्या वाहिलेली. लग्न होऊन पनवेलला आली ती भातशेतीत, आणि नवरा गेल्यावर न्हावा शेवा बंदराच्या रस्त्याला बारा वर्षं ड्रायव्हर लोकांना सुकटीचं कालवण आणि भात वाढत होती. पुढे त्याच रस्त्याकडेच्या सामायिक जमिनीवर तिच्या दिराने कार्यक्रमांचा हॉल बांधला, पागोळी रंगमंच. बँजो पार्टी, जादूचे प्रयोग, रविवारी कोळीगीतं. कागदावर सही करताना भामाबाईने दिराला एकच अट घातली होती: फाटकावर मी बसणार. नऊ वर्षं ती तिथे निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसते. तिकीट फाडते, पान-गुटखा तोंडात असलेल्याला चूळ भरायला लावते, आणि कोण कोणाबरोबर आलं होतं ते घरी आल्यावर मला सांगते. माझं ज्ञान ताजं राहतं ते तिच्यामुळे.

दीर वारला, कारभार पुतण्याकडे, परेशकडे आला. परेशने समीक्षाला नोकरीवर ठेवलं. हॉलची फेसबुक-इन्स्टाग्रामची सगळी कामं तिची. हुशार पोरगी. तिने रस्त्याकडे तोंड करून हा एवढा फलक लावला: 'इथे आहात? फोनवर चेक-इन करा, चहा-भजी फुकट. शिवाय नाव सोडतीत.' म्हणजे फोनवर जाहीर करायचं की मी आत्ता पागोळी रंगमंचावर आहे. ते मित्रांना दिसतं, मित्रांना वाटतं आपणच तेवढे घरी कुजतोय, आणि पुढच्या रविवारी तेही येतात. असा हिशेब.

फोनवरचा आकडा फुगत गेला. दर रविवारी तीनशे चेक-इन. आत खुर्च्या मात्र होत्या तशा रिकाम्या. परेशने त्याचा अर्थ लावला आणि एका सोमवारी आमच्या जिन्यातच काकीला गाठलं. मी वरच्या पायरीवर चपला शोधत होतो. बराच वेळ शोधत होतो.

"काकी, फोनमध्ये तीनशे माणूस दिसतंय आणि आत नव्वद. बाकीचे जातात कुठे?"

"मना काय इचारतस? माज्यासमोरून नव्वदच जातात."

"कारण तू ओरडतेस! फाटकापर्यंत तीनशे येतात, तुझा आवाज ऐकून दोनशे परत जातात. पुढच्या सोमवारपासून फाटकावर मशीन बसवतोय. मशीन ओरडत नाही. तू घरी आराम कर."

दुसरी कोणी असती तर पदर डोळ्याला लावला असता. भामाबाई म्हणाली, "सोमवारच्या आधी रविवार येतो ना? मंग रविवारी बघू." आणि वर न बघता मला म्हणाली, "अवो आकाशवाणी, चपला खाली हायत तुमच्या. सकालपासून."

त्या रविवारी मी तिसऱ्या रांगेत होतो, शेजारधर्माच्या फुकट पासावर. मध्यंतरात समीक्षाने चेक-इन केलेल्यांची सोडत काढली. "पहिलं नाव, उदयसिंह!" कोणी उठलं नाही. दुसरं नाव वाचलं, कोणी नाही. तिसरं, तेही नाही. मागून एक जण ओरडला, "ताई, माझंच वाचा, मी तरी आहे!" हॉल हसला. परेश हसला नाही. तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

"बघितलंस काकी? बक्षीस लागलेली माणसंसुद्धा परत घालवलीस."

भामाबाई खुर्चीतून उठली. कार्यक्रम संपायच्या आधी, नऊ वर्षांत पहिल्यांदा. फाटक उघडून सरळ रस्त्याला लागली. कर्तव्यबुद्धीने मीही मागे गेलो, पानाच्या टपरीपर्यंत.

रविवारी चार ते आठ अवजड गाड्यांना बंदी असते. कंटेनर कडेला एकामागे एक वळणापर्यंत उभे. ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर करून पडलेले, छातीवर फोन. आणि प्रत्येकाच्या नाकासमोर समीक्षाचा फलक! भामाबाईने एकेक दार थोपटायला सुरुवात केली. "उदयसिंह कोन हाय?" पाचव्या गाडीतून मुंडकं बाहेर आलं. थोडं बोलणं झालं, भामाबाई पट्ट्यासकट वर चढली, गाडी हलली. मी रिक्षा पकडून घरी आलो. पुढे डेअरीचं तुम्हाला माहीत आहे.

खरं काय झालं ते समीक्षाने उदयसिंहाकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. भामाबाईने आपल्या खास हिंदीत त्याला झापलं होतं, "तेरा नाम माइक पे आया. तू अंदर कायको नाय आया?"

उदयसिंह बिचारा म्हणाला, "अम्मा, हम आए कहाँ हैं? हम तो फँसे हैं. बोर्ड पे लिखा था, इधर हो तो दबाओ. हम तो इधर ही हैं, चार घंटे!"

दर रविवारी दोनशे माणसं फाटकाबाहेर, हातावर चार तास घेऊन बसलेली, आणि परेश त्यांना फोनमध्ये शोधत होता. पण गाडी रस्त्यावर सोडून ड्रायव्हर हलणार कसा? बारा वर्षं त्यांना जेवू घातलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. हॉलमागचं शेत कापणी होऊन मोकळं पडलं होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. चर चुकवून आत कसं शिरायचं, ते दाखवायला ती केबिनमध्ये बसली. तिच्यामागे सतरा गाड्या वळल्या.

मग ती खुर्चीत येऊन बसली. एकेकाला चूळ भरायला लावली, एकेकाचं तिकीट फाडलं आणि परेशला सांगत गेली, "यो तुज्या फोनातला पयला. यो दुसरा. यो तिसरा, जरा दम लागलाय त्याला." परेश चहा-भज्यांची ऑर्डर वाढवायला आत गेला.

आता बंदी लागली की समीक्षा चार वाजून एक मिनिटाने टाकते: 'अडकलात? गाडी मागे लावा, आत या.' केबिनमध्ये बसून चेक-इन करणाऱ्यांसाठी तिने नवा नियमही काढला. फाटकावर भामाबाईबरोबर फोटो काढला, तरच चेक-इन धरायचं. त्यामुळे कुठकुठल्या मुलखातल्या फोनांवर आमच्या तळमजल्याचा चेहरा गेलाय, कपाळावरच्या आठीसकट. रंगमंचाचं नाव ड्रायव्हर लोक घेतच नाहीत, 'अम्मावाला हॉल' विचारतात. पनवेलची कॉलेजची पोरंसुद्धा त्या आठीसाठी रांग लावतात. मी म्हटलं, भामाबाई, जरा हसा. तर म्हणाली, फुकट पासवाल्याने शिकवू नये.

गेल्या रविवारी खुर्च्या कमी पडल्या. मला उभं राहावं लागलं, त्याचा राग मी काढलाच. परेश शेजारी आहे असं बघून मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय भामाबाई, ते मशीन कधी येतंय?"

परेशला अचानक बुटाची नाडी आठवली. भामाबाईने हातातलं तिकीट फाडलं, पुढच्याला आत सोडलं आणि म्हणाली, "येऊ दे की. बसव म्हणावं माज्या शेजारी. फोटो कोनासंग काढतात ते बघू."