अक्काच्या साखरपुड्यातला बुफे

ही गोष्ट घराबाहेर सांगायची नाही, असं अक्कानं मला बजावलंय. पण पोटात ठेवून ठेवून मला अन्न गोड लागेना, म्हणून सांगते. हसा, पण जरा हळू!

अक्काचा साखरपुडा होता. अप्पांनी हॉलमध्ये बुफे ठेवला. आमच्या भावकीतला पहिलाच! "पंगती आता जुन्या झाल्या," असं म्हणून त्यांनी मला टेबलापाशी उभं केलं. "वाढप्यांवर ध्यान ठेव. जरा बोलायला शीक!"

मी नववीत. हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे!

शिऱ्याच्या पातेल्यामागं एक म्हातारे उभे होते. उपरणं कमरेला बांधलेलं, कपाळावरची विभूती घामानं पुसट झालेली. येईल त्याच्या ताटात दोन-दोन डाव शिरा!

"ओ मामा, एकेकच डाव घाला की! पुरायला नको?"

"व्हय बाई."

"आणि तुमचं जेवण मागं हाय, आचाऱ्यांबरोबर."

"आत्ताच जाऊ?"

"जावा की!"

ते डाव ठेवून मागं गेले. मला केवढा अभिमान वाटला!

पाच मिनिटांत नवरदेवाचे वडील गरजले, "आमचं अज्जा कुठं हायत? ते जेवल्याबिगर आमच्यातलं कुणी घास उचलत न्हाय!"

ही मंडळी सीमेकडच्या खेड्यातली. तिथं आपल्या हातानं वाढून घेणं म्हणजे भीक मागून खाल्ल्यासारखं. शिऱ्यापाशी वाढपी दिसेना, तेव्हा नवरदेवाच्या आजोबांनी, म्हणजे या अज्जांनीच, डाव हातात घेतला होता. म्हणजे मी मागं धाडलेले 'मामा' तेच!

भरलेली ताटं घेऊन चाळीस माणसं उभी. आत्या पुटपुटली, "सोयरीक मोडती का काय गं!" अक्काचे डोळे भरले.

"मीच... मीच त्यांना मागं पाठवलंय," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी 'मोठ्यानं बोल' म्हणालं नाही.

मागं अज्जा पोत्यावर मांडी घालून जेवत होते, आचारी आग्रह करून वाढत होता. अप्पांनी हात जोडले, तसं अज्जा म्हणाले,

"अवं, पोरीवर रागावताय कशाला? एवढ्या माणसांत मला बसून जेवायला हिनंच तेवढं पाठवलं की!"

सगळे हसले. सोयरीक टिकली, लग्नाला पंगतच ठरली. मी मात्र अज्जांसमोर जात नाही. आज ते घरी आलेत आणि मी तासभर खोलीत भूगोल धरून बसलेय. माफी मागायची म्हणून चार वाक्यं पाठही केलीत, पहिलं वाक्य असं की, अज्जा, त्या दिवशी मी तुम्हाला—

"ओ मॅनेजरबाई! आज जेवायला कुठं बसू, आत का मागं?"