कमलकाकींची खुर्ची पॅसेजमध्येच राहील

कमलकाकी गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. मी ऑफिसात होते. वर पाण्याचा टँकर उशिरा येणार असल्याचा मेसेज, खाली लिफ्टच्या दुरुस्तीचा, आणि मधे एक ओळ... 'चौथ्या मजल्यावरच्या कमलकाकी सकाळी वारल्या. चार वाजता नेणार.' अर्ध्या दिवसाची रजा टाकून भाईंदरला पोचले तेव्हा त्यांच्या दारात चपलांचा ढीग होता, आणि समोर माझ्या दाराशी त्यांची निळी प्लास्टिकची खुर्ची होती, तुटलेला हात सुतळीने बांधलेली. एवढी गर्दी, पण तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर सूचना आली, 'पॅसेज कॉमन एरिया आहे, खुर्ची काढावी.' मी लिहिलं, 'काढणार नाही.' इतकं छोटं उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं. ते माझ्या तोंडी कुठून आलं, ते सांगायला हे लिहितेय.

मी रत्नागिरीकडच्या एका लहान गावातली. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायची, वडील दुसऱ्यांच्या बागा राखायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. मास्तर, साहेब, सरकारी माणूस समोर आला की मान खाली घालायची, हे आम्ही बाराखडीच्या आधी शिकलो. नोकरी लागल्यावर भाईंदर पूर्वेला भाड्याने घर घेतलं. पुढे ऑफिसातल्या एका मैत्रिणीची बदली झाली आणि तिचा दोन वर्षांचा कुत्रा माझ्याकडे आला. रंग आमसुलासारखा, म्हणून नाव कोकम. मी साडेआठला निघाले की तो भुंकायला लागायचा. मग रडायचा. संध्याकाळी दार उघडावं तर दाराच्या चौकटीचा भुसा पडलेला, फरशी ओली, आणि पंजाच्या नखांना रक्त. लोक म्हणायचे, लाडावलाय, दोन फटके द्या. एकदा मी गुंडाळलेल्या पेपरने मारलंही त्याला. तो मागे सरला नाही, माझ्या पायांतच घुसला... ते आठवलं की अजून लाज वाटते. महिन्याभरात सोसायटीने घरमालकाला कळवलं, कुत्रा तरी जाईल नाहीतर भाडेकरू. त्यांना तसं करता येतं की नाही, हेही मला माहीत नव्हतं. मी कोकमसाठी दुसरं घर शोधायला लागले. त्याचं ते तिसरं घर झालं असतं.

कमलकाकी समोरच्या दारातल्या. सासर इथल्याच पेणकरपाड्याचं. एकेकाळी त्या घराची मिठागरं आणि भातशेती होती, पुढे जमिनी इमारतींखाली गेल्या आणि काकींच्या वाट्याला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आला. मुलगा मीरा रोडला, या एकट्या. मी कोकमला देऊन टाकणार हे कळल्यावर त्या माझ्या घरी आल्या, त्याचे पंजे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "हा मस्ती न्हाय करत गो बाय. हा घाबरतोय." दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेल्यावर त्यांनी माझ्या बंद दारासमोर खुर्ची टाकली आणि सुपात जवळा निवडत दिवसभर ऐकत बसल्या. संध्याकाळी सगळा अहवाल. "पयली पंधरा मिन्टं जोरात. मंग दमतो. लिफ्ट वाजली की परत. आता तू निघताना काय करतेस, ते दाव मला."

मी दाखवलं. केस बांधले, पर्स घेतली, किल्ल्या घेतल्या, आणि फ्रिजमधून दह्याची वाटी काढली. परीक्षेला जाताना, गाव सोडताना आई माझ्या हातावर दही घालायची. तशीच मी निघताना कोकमला चमचाभर दही भरवायची. दिवस त्याला नीट जावा म्हणून. चमचा पुढे केला तशी त्याने मान फिरवली. शेपटी पोटाखाली, मागचे पाय थरथरत होते. मला इतके दिवस वाटायचं, याला आंबट आवडत नसेल.

"अगो, वाटी बघून कापतोय तो," काकी म्हणाल्या. "रोज दही देऊन तू त्याला सांगतेस, चालले म्हणून!"

"पण काकी, ते शुभ असतं."

"तुला शुभ हाय. त्याला इचार."

त्यांनी आधी मला प्राण्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, कुठे दुखत-खुपत तर नाही ना बघायला. दुखत नव्हतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, शिक्षा करू नका, आणि त्याची भीती सुरू व्हायच्या आत परत या, मग वेळ वाढवा. पण मला नोकरी होती. "मंग दिवसा तो माज्याकडं," काकी म्हणाल्या, जणू वाटीभर साखर द्यायची होती. मिठागराच्या बांधावरच्या झोपडीत त्यांनी संसार केला होता. राखणीच्या पिल्लाला बांधावर एकटं राहायची सवय कशी लावायची, हे त्यांना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी आमची शाळा भरायची. पर्स खांद्याला लावायची आणि भाजी चिरायला बसायचं. किल्ल्या वाजवायच्या आणि कुठेच जायचं नाही. दही खायचं ते टीव्ही बघताना, त्याला शेजारी घेऊन. मग दाराबाहेर दहा आकडे मोजून परत. मग वीस. निघताना निरोप नाही, आल्यावर आरडाओरडा नाही. "तू रडवेलं तोंड केलंस की त्याला वाटतं, खरंच कायतरी वाईट हाय."

आठवड्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. माणूस वाईट नव्हता. त्यांची आजारी आई बरोबर खालच्या घरात असायची आणि तिला दुपारची झोप मिळाली नव्हती. मी नेहमीप्रमाणे मान खाली घातली. काकी खुर्चीतून उठल्या नाहीत.

"काकी, डॉगी को जाना पडेगा. मम्मी परेशान है."

"तुझी मम्मी एकटी असली की दिवसातून किती वेळा फोन करते तुला? ती पन घाबरते म्हनूनच ना? तिला काडतोस का बाहेर?"

"वो अलग बात है."

"एक महिना दे. हा तवर माज्याकडं हाय. महिन्यानं तुझ्या आयेची झोप मोडली, तं मला सांग."

"ठीक है. लेकिन ये कुर्सी पॅसेज में..."

"कुर्सी इधरच रहेगी. और हळू बोल. मेरेको ऐकायचंय."

ते गेल्यावर काकी मला म्हणाल्या, "एवढी शिकलीस, मंग तोंड कशाला गिळतेस?"

सरळ रेषेत काही झालं नाही. एका लग्नाच्या वरातीत फटाके वाजले आणि आम्ही परत दहा आकड्यांवर आलो. काकी करवंटीत भात आणि सुक्या मासळीचा चुरा दाबून भरायच्या, तो चाटत बसायचा त्याला नाद लागला. माझा वास राहावा म्हणून माझी न धुतलेली ओढणी त्याच्या गोधडीवर ठेवायला लावली. महिना संपत आला तेव्हा पहिल्यांदा आम्ही त्याला अख्खी सकाळ माझ्या घरी एकटं ठेवलं. अकरा वाजता ऑफिसात काकींचा फोन आला. त्या बोलेचनात.

"काकी? काय झालं? मला काहीच ऐकू येत नाही..."

"तेच तं!" त्या ओरडल्या. फोन त्यांनी माझ्या दाराला लावून धरला होता.

घर टिकलं. कोकम टिकला. दुपारचा डबा मी त्या दिवशी खाल्ला की नाही, आठवत नाही.

काकी गेल्या त्या दिवशी त्यांच्या दारात बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "बाई भली होती, पण शेवटी कुत्र्यांच्या नादी लागली." हे मला मान्य नाही, आणि त्या दिवशी बोलले नाही म्हणून आज लिहितेय. जे बोलू शकत नाही त्याचं दुखणं दारासमोर बसून, दिवसभर ऐकून, शोधून काढणं हा नाद नव्हे. माझी पदवी भिंतीवर काचेत आहे. आईने घरच्या देवाशेजारी ठेवायला तिची झेरॉक्स मागून नेली. त्या पदवीचा मला अभिमान आहे. पण ऐकायचं कसं आणि मान वर कधी करायची, हे मला सही करता येत नसलेल्या बाईने शिकवलं. काकी गेल्यावर कोकम आठवडाभर त्यांच्या बंद दाराच्या फटीला नाक लावून बसायचा. मी त्याला ओढून आणलं नाही. शेजारी बसून राहिले.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर एक नवं जोडपं आलं. दोघं नोकरीला, घरात एक पांढरं पिल्लू. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. शनिवारी मला सुट्टी असते. ती दोघं कामावर गेल्यावर मी सुतळी घट्ट केली, खुर्ची उचलली, दोन मजले उतरले आणि त्यांच्या दारासमोर ती टाकून मेथी निवडायला बसले. आत पिल्लू रडत होतं. मी घड्याळ लावलं.

जिन्यावरून सेक्रेटरी उतरत होते. खुर्ची ओळखून थांबले.

"मॅडम, ये भी कॉमन एरिया है."

"हो," मी म्हटलं. "हळू बोला. मला ऐकायचंय."