पुठ्ठ्यावरची गाडी

ही हकीकत मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायचे प्रसंग आले नाहीत असं नव्हे. आले, आणि दर वेळी मी बोलणं हवापाण्यावर नेलं. आमच्या दोन्ही घरांत ती जावयाच्या घाईची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि जावई समोर बसलेला असला तरी मुकाट्याने ऐकून घेतो. माझी ऐंशी उलटली आहे. आता तरी ती घडली तशी लिहायला हवी.

मी तरुणपणी शिकायला जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलो आणि इथलाच झालो. नोकरीची सगळी वर्षं अवजड गाड्यांच्या ब्रेकवर काम करण्यात गेली. मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. लग्न मात्र तिने जळगावकडून इथे डॉक्टरेट करायला आलेल्या मुलाशी केलं. मला मुलगा नाही. जावयाने विचारावं आणि मी सांगावं, अशी आमची रीत पडून गेली. घर भाड्याने घेण्यापासून हिवाळी टायर बदलण्यापर्यंत सगळं तो मला विचारायचा. निवृत्त माणसाला अशा विचारण्याची फार लवकर चटक लागते.

युरो अजून हाताला नवा वाटत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका उन्हाळ्यात त्याची आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. विहीणबाईंचं माकडहाड आणि कंबर दोन्ही निकामी झालेली. तासाभरापेक्षा जास्त त्यांना बसवत नसे, मग आडवं व्हावं लागे. आयुष्यात त्यांना एकच ठिकाण बघायचं होतं. त्यांचे यजमान तरुणपणी कारखान्याच्या कामासाठी काही महिने जर्मनीत राहून गेले होते आणि एका रविवारी उत्तरेच्या समुद्रावर जाऊन आले होते. तिथे समुद्र दिवसातून दोनदा निघून जातो, मैल मैल नुसता चिखल उरतो आणि बांधावर मेंढ्या चरत असतात, असं ते जन्मभर सांगत. तुला दाखवीन म्हणाले होते. दाखवायच्या आधीच गेले.

ते काम मुलाने अंगावर घेतलं. त्याचा एक अमेरिकन सहकारी मायदेशी परत चालला होता. त्याचा पिकअप जावयाने घेतला, आणि दुसरीकडून एक मोठा ट्रेलर. आत पलंग, संडास, चाकाची खुर्ची फिरेल एवढी जागा. वाटेत कुठेही थांबवावं आणि आईने आडवं व्हावं, असा बेत. विकणाऱ्याने ट्रेलर जावयाच्या अंगणात आणून सोडला तेव्हा विहीणबाई गॅलरीतून बघून म्हणाल्या, "घर आणलंस खरं, पण बैल कुठेत?"

बैल होता, जू नव्हतं. असला ट्रेलर गाडीच्या मागच्या आकड्याला लावत नाहीत. पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या वर, एक जाड लोखंडी जोड बसवतात; ट्रेलरचं नाक त्यावर टेकतं आणि त्याची खुंटी जोडाच्या जबड्यात अडकते. जोड दोन तऱ्हेचे मिळत होते. एक पक्का, एकाच जागी बसणारा. दुसरा रुळांवरचा, वळताना तो मागे सरकवता येतो, म्हणजे ट्रेलरचं नाक पुढच्या केबिनपासून लांब राहतं.

जावयाने नाश्त्याच्या म्यूसलीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून गाडी आणि ट्रेलर केले होते, सगळं मापात. जोडाच्या जागी टाचणी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने ते मला फिरवून दाखवलं. पुठ्ठ्याचा ट्रेलर फार वळला की त्याचा कोपरा केबिनवर चढत होता.

"बाबा, आपल्या गाडीचा हौदा आखूड आहे," तो म्हणाला. "सरकणारा घ्यावा लागेल असं वाटतं."

मी हसलो. मला अजून ते हसू ऐकू येतं. म्हणालो, "पुठ्ठ्यावर गाड्या चालत नाहीत. हलणारे भाग जितके कमी, तितकी कटकट कमी. एवढं काटकोनात वळवणार कोण आहे?"

खरं सांगायचं तर मी जन्मभर ब्रेकवर काम केलं होतं. या जोडाला मी कधी हातही लावला नव्हता. पण ते तोंडातून निघेना. ज्याला आपण सगळं शिकवलं, तो आपल्याला पुठ्ठा फिरवून शिकवतोय, हे मला सोसलं नाही. त्याने टाचणी काढून ठेवली. "तुम्ही म्हणता तसं," म्हणाला. पक्का जोड आला.

निघायच्या सकाळी जावई चाकावर बसला, मुलगी त्याच्या शेजारी, विहीणबाई मागच्या आसनावर, मानेमागे उशी घेऊन. अंगणाच्या फाटकातून बाहेर पडायला गाडी थोडी मागे घेऊन तिरपी करावी लागत होती. मी बाहेर उभा राहून हाताने खुणा करत होतो. आणखी, आणखी. माझी नजर फाटकाच्या खांबावर होती. ट्रेलरचा कोपरा पुठ्ठ्यावर चढला होता अगदी तसाच केबिनवर आला, आणि मागची काच एका आवाजात खाली बसली.

फार वेग नव्हता. विहीणबाईंच्या मानेला थोडे टाके पडले, केसांतून काचेचे मणी दोन दिवस निघत होते. पण त्यांचा धीर गेला. संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या पलंगाभोवती बसलो होतो. त्या मुलाला म्हणाल्या, "तुला लहानपणापासून घाई. घरात एवढे जाणते व्याही आहेत, जन्म गेला त्यांचा गाड्यांमध्ये. त्यांना एका शब्दाने विचारायचं होतंस."

मी तिथेच होतो, हातात चहाचा कप होता. जावयाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. तो एवढंच म्हणाला, "हो आई, चुकलं." माझी मुलगीसुद्धा त्याच्यावर चिडली, जर्मनमध्ये, भराभर. तेही त्याने ऐकून घेतलं. आईसमोर सासऱ्याला खाली बघायला लावायचं नाही, एवढं त्याला कळत होतं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने तो पुठ्ठा बारीक फाडला आणि रद्दी कागदाच्या डब्यात टाकला. मी दारातून पाहत होतो. मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच वाटलं.

काच बसवून झाली, तरी विहीणबाई पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. आगगाडीने जाऊ म्हटलं, तर म्हणाल्या, राहू दे, नशिबात नाही. उरलेले दिवस गॅलरीत बसून त्यांनी खालच्या ट्रेलरकडे पाहत काढले. मी मधूनमधून जाऊन शेजारी बसायचो. आम्ही भाज्यांविषयी बोलायचो.

फ्रँकफुर्टच्या विमानतळावर चाकाची खुर्ची न्यायला माणूस आला, तेव्हा जावई सामानाच्या रांगेत होता. आम्ही दोघंच होतो. मी ठरवून आलो होतो. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. मी वाकलो, तेवढ्यात त्यांनीच माझा हात धरला.

"व्याहीबुवा, त्याच्यावर राग धरू नका. घाई करतो, पण मनाने चांगला आहे. सांभाळून घ्या."

मी म्हणालो, "छे हो, मी कसला रागावतो."

खुर्ची फिरली. त्यांच्या मानेवर अजून पांढरी पट्टी होती.

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. पोराने आईला साधा समुद्र दाखवला नाही, असं जळगावला अजून बोललं जातं. जावयाने गाडी विकली. त्यानंतर तो मला फारसं काही विचारत नाही. येतो, बाबा म्हणतो, माझी औषधं डब्यात भरून देतो.

विमानतळावर जुळवून नेलेलं ते वाक्य फार मोठं नव्हतं. विहीणबाई, मला क्षमा करा, त्याने विचारलं होतं. मलाच विचारलं होतं.