अक्काच्या डब्यातलं सरकलेलं नाणं

माझी थोरली बहीण नेसरीला असते. दाजी एसटीत कंडक्टर होते. प्रवाशाकडून एखादं वेगळं नाणं आलं, की स्वतःच्या खिशातली चिल्लर बॅगेत टाकून ते नाणं घरी आणायचे. ते गेल्यावर नाण्यांचा डबा तसाच माळ्यावर पडून होता.

परवा अक्कानं मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघितला. वाघाचं चित्र असलेलं निकेलचं नाणं म्हणे पाच लाखाला जातं. लगेच फोन. "आरं, आपल्याकडं तसली तीन हायत की!"

मी राहतो त्या कोल्हापुरात तेव्हा एका मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. अक्का आली. स्टँडवरच तिनं डबा उघडला आणि मी बघतच राहिलो. सगळी नाणी नव्या भांड्यांसारखी चकचकत होती.

"चिंच लावून घासलीत. गिऱ्हाईकाला काळी कशी दाखवायची?"

प्रदर्शनातल्या एका विक्रेत्यानं वाघाचं नाणं उचललं, लोहचुंबकाजवळ नेलं. ते टकदिशी चिकटलं. अक्कानं माझा दंड घट्ट धरला.

"निकेलच हाय," तो म्हणाला. "पण मावशी, ही ढिगानं निघाली होती. एकाला दीडशे देतो. घासल्यानं नाण्याची मूळ झाक जाते. घासली नसती तर थोडं वाढवलं असतं."

"दीडशे? आणि ते पाच लाख?"

"ते फक्त मोबाईलवर, मावशी."

अक्का मटकन खुर्चीत बसली. तिला पाणी द्यावं म्हणून मी बाटली काढत होतो, तोवर विक्रेता डब्यात बोट फिरवायला लागला. फिरवता फिरवता थांबला. भिंग काढलं. त्याच्या हातात आठ आण्याचं एक विचित्र नाणं होतं. छाप पार एका बाजूला सरकलेला, उरलेला भाग कोरा.

"ह्याचे आठ हजार देतो."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यातच चूक झाली.

"ते? ते तर खोटं हाय!" अक्का ओरडलीच. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "बाजारात कोण घेत नव्हतं ते. मी टाकून देणार हुते!"

"टाकसाळीत छापताना सरकलंय. अशी फार थोडी बाहेर पडतात. चिंच लावली नसती तर दुप्पट दिले असते."

एवढ्याशा चिंचेनं आठ हजार खाल्ले होते. मी तिला सांगणार होतो, घाई नको, आणखी दोन टेबलं बघू. त्याआधीच ती म्हणाली, "द्या पैसे."

"अक्का, दाजींची आठवण हाय ती."

"आठवण व्हय? खोटं नाणं घरी आणलं म्हणून मी त्यांच्याशी भांडले, दोन दिवस आमचं बोलणं बंद हुतं. डोळ्यांसमोर नगं ते."

नोटा तिनं पदराच्या गाठीत बांधल्या. बाहेर आल्यावर मात्र पायरीवरच बसली आणि हमसून हमसून रडली. मी शेजारी बसलो आणि मघाची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.